एक्स-रे रूमच्या भिंती: एएसी ब्लॉक, वीट की शिसं?

बांधकामवाला

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईकडे बांधकामाची कामं घेतो. आता मेव्हण्यांचं हाडांचं हॉस्पिटल उभं राहतंय आणि त्यात एक्स-रे रूम आहे, हे काम मी याआधी कधी केलेलं नाही म्हणून इथे विचारतोय. नवीन बिल्डिंग, पहिला मजला, खाली औषधाचं दुकान आणि कापडाचं दुकान. रूम १४ बाय १५ फुटाची. आर्किटेक्टने सगळीकडे एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) घेतलेत, बाहेरची भिंत ८ इंची आणि आतल्या ४ इंची. पूर्वेला मोकळी हवा, उत्तरेला जिना, दक्षिणेला पेशंट बसायचा हॉल, पश्चिमेला मेव्हण्यांची ओपीडी म्हणजे ते दिवसभर तिथेच बसणार. छातीचा आणि उभ्याने गुडघ्याचा एक्स-रे काढायचा स्टँड पश्चिमेच्या भिंतीला दाखवलाय कारण वायरिंग तिकडे जवळ पडतं.

आता मशीनवाला म्हणतो चारी भिंतींना खालपासून वरपर्यंत २ एमएम शिशाचा पत्रा मारा, त्याचं कोटेशन बघून घरात सगळे गप्प झालेत. आमचे गवंडी म्हणतात दोन्हीकडून जाड गिलावा केला की भागतं. आणि आमच्याच भागात एका ठिकाणी मी बघून आलो तर चार इंची भिंत, आत शिसं नाही काही नाही, आणि भिंतीला लागून बाक टाकलेला, त्यावर बायका-पोरं बसलेली. मला पैसे वाचवायचेत हे खरंय पण उद्या त्या बाकावर माझीच माणसं बसणार आहेत, त्यामुळे जे खरंच लागतं ते करायचंय. कुणी नीट समजावून सांगेल का?

स्लॅब_आणि_बीम

आधी एकच सांगतो, पहिल्या मजल्यावर नऊ इंची वीट चढवायची म्हटलं तर खाली बीम आहे का बघा. १० फूट उंच नऊ इंची भिंतीचं वजन रनिंग मीटरला सव्वा टनाच्या वर जातं, ८ इंची एएसीचं चारशे किलोच्या आसपास. मधल्या स्लॅबवर अशी भिंत टाकायची नाही. स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढून बसा मग पुढचं बोलू.

क्षकिरण

बांधकामवाला, तुम्ही काम सुरू करायच्या आधी विचारताय हेच फार मोलाचं आहे. मी मेडिकल फिजिक्समध्ये काम करतो, बहुतेक वेळा आम्हाला बोलावतात तेव्हा टाइल्स बसलेल्या असतात, पीओपी झालेलं असतं आणि मग तोडफोड.

सुरुवात शिशापासून नको, वजनापासून करू. एक्स-रे अडवतं ते भिंतीचं वस्तुमान आणि भिंतीतल्या अणूंचं जडपण. वीट, सिमेंट, वाळू, एएसी, दगड या सगळ्यात मुख्यतः सिलिकॉन, ऑक्सिजन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम असलीच मूलद्रव्यं आहेत, म्हणून त्यांच्यात आपापसात तुलना करताना ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम माल किरणांच्या वाटेत उभा आहे एवढंच बघितलं तरी चालतं. शिसं वेगळं आहे, त्याचा अणुक्रमांक ८२ आणि घनता ११.३ (घन सेंटिमीटरला ग्रॅम), त्यामुळे निदानाच्या एक्स-रेच्या ऊर्जेला ते किरण जवळजवळ गिळूनच टाकतं, म्हणून मिलिमीटरमध्ये काम होतं. १०० केव्हीच्या (किलोव्होल्ट, मशीनच्या नळीचं व्होल्टेज) झोताची तीव्रता निम्मी करायला शिसं साधारण ०.२७ एमएम लागतं आणि काँक्रीट १६ एमएम.

आता तुमचा हिशोब. भट्टीच्या चांगल्या विटेची घनता १.६ धरली तर २३ सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंची भिंत चौरस सेंटिमीटरला जवळपास ३७ ग्रॅम. एएसीची घनता ०.६ च्या आसपास, म्हणजे तुमची ८ इंची भिंत १२ ग्रॅम आणि ४ इंची भिंत फक्त ६ ग्रॅम. विटेच्या भाषेत सांगायचं तर तुमची ८ इंची एएसी म्हणजे तीन इंच वीट आणि आतली ४ इंची म्हणजे दीड इंच वीट. गवंड्यांचा दोन्हीकडून २० एमएम गिलावा धरला तर अजून ८ ग्रॅम मिळतील, ४ इंची भिंत १४ ग्रॅमवर येईल. लागतात नऊ इंची विटेइतके ३७. म्हणजे नुसत्या गिलाव्याने भागत नाही, फक्त भिंत भरीव दिसते. एएसी हलका असतो म्हणूनच सगळे घेतात, उष्णता अडवतो, काम झटपट होतं, ते सगळं बरोबर आहे पण एक्स-रे रूमला नेमका तो हलकेपणाच नडतो. गेल्या काही वर्षांत नव्या इमारतींमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते कारण ड्रॉइंगमध्ये भिंत २०० एमएम लिहिलेली असते आणि बघणाऱ्याला वाटतं झाली की नऊ इंची.

आपल्याकडे एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) मार्गदर्शनात वर्षानुवर्षं चालत आलेला ठोकताळा असा: ज्या भिंतीवर थेट झोत पडतो ती ३५ सेंटिमीटर विटेची, म्हणजे दीड विटेची. जिथे फक्त विखुरलेले किरण पोचतात ती २३ सेंटिमीटर, एक विटेची. दार आणि लोकांकडे उघडणाऱ्या खिडक्यांना २३ सेंटिमीटर विटेइतकं किंवा १.७ एमएम शिशाइतकं संरक्षण. रूम १८ चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि कुठलीच बाजू ४ मीटरपेक्षा कमी नको, तुमची साडेएकोणीसच्या आसपास भरते आणि लहान बाजूही ४ मीटरच्या वर आहे म्हणजे तिथे ठीक आहात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला एक पैसाही लागत नाही. तो स्टँड पश्चिमेच्या भिंतीवरून काढा. तिथे ठेवलात तर थेट झोत मेव्हण्यांच्या खुर्चीच्या दिशेने जाणार, रोज, वर्षानुवर्षं. पूर्वेला नेलात तर झोत मोकळ्या हवेत जातो जिथे माणूस उभाच नाही. पूर्वेला शेजारची बिल्डिंग किती लांब आहे, तिची खिडकी किंवा गच्ची समोर येते का?

बांधकामवाला

सर खूप आभार, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पूर्वेला २० फुटांचा रस्ता आणि पलीकडे एकमजली दुकानं, पत्र्याची. वायरिंगचं काय, पाइप फिरवता येतो, आज इलेक्ट्रिशियनला बोलावतो. थेट झोत आणि विखुरलेले किरण यात एवढा फरक असतो का?

क्षकिरण

खूप. झोत पेशंटवर पडला की त्याच्या अंगातून सगळ्या दिशांना किरण विखुरतात, एक मीटरवर ते ढोबळमानाने पडलेल्या झोताच्या हजाराव्या भागाइतके असतात. शिवाय अंतर दुप्पट केलं की तीव्रता पाव होते, म्हणून तर खोली मोठी असावी म्हणतात. पत्र्याची दुकानं खालच्या पातळीवर आहेत आणि लांब आहेत, चांगलं आहे, तरी पूर्वेची ८ इंची एएसी थेट झोतासाठी तशीच ठेवू नका. स्टँडच्या मागे तेवढ्या भागात शिशाचा पत्रा लावा, पेशंटच्या उंचीप्रमाणे स्टँड वरखाली होतो तो सगळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना थोडं जास्त. किती एमएम ते तुमच्या कामाच्या भारावरून, म्हणजे आठवड्याला किती एक्स-रे निघतात त्यावरून काढून घ्या, १.७ चा आकडा विखुरलेल्या किरणांच्या भिंतीचा आहे, तो इथे उचलून लावू नका.

डार्करूम

मी रेडिओग्राफर आहे, फिल्म बुडवून धुवायच्या काळापासून या खोल्यांमध्ये काम करतेय. दादा, भिंतीचं सरांनी सांगितलं, मी दाराचं सांगते कारण भिंत सगळे विचारतात आणि दार सुताराच्या भरवशावर सोडतात.

शिसं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. नुसते खिळे मारून पत्रा लटकवला की काही वर्षांनी वरून ओघळतो आणि वरच्या कडेला फट पडते, बाहेरून सनमायका छान दिसतो, आतलं कुणाला कळत नाही. पत्रा दोन प्लायच्या मध्ये पूर्ण चिकटवून घ्या. दोन पत्र्यांचा जोड समोरासमोर नको, एकावर एक चढलेला हवा. स्क्रू मारले तर त्या भोकांवर परत शिशाची टिकली हवी. चौकटीत सुद्धा शिसं हवं आणि दाराचं शिसं चौकटीच्या शिशावर चढलं पाहिजे, नाहीतर फटीतून दिव्याचा उजेड येतो तसेच किरण सरळ बाहेर येतात. खालची फट तर सगळेच विसरतात.

वजन आधीच धरा. १.७ एमएमचा पत्रा चौरस मीटरला १९ किलोच्या वर, चार बाय सात फुटाच्या दाराला पन्नास किलो नुसतं शिसं, वर प्लाय. साध्या तीन बिजागऱ्या टिकत नाहीत, दार घासायला लागतं आणि मग लोक ते उघडंच ठेवतात. मी एका ठिकाणी काम करत होते तिथे दारात शिसं फक्त छातीच्या उंचीपर्यंत घातलेलं निघालं. आम्ही वर्षभर त्या दाराबाहेर लहान पोरांना घेऊन बसलेल्या आया बघत होतो. ते कळल्यावर मला फार राग आला होता, आजही येतो.

जांभा_चिरा

आम्ही सिंधुदुर्गातले, इकडे सगळं चिऱ्याचं. डॉक्टर मित्राचा दवाखाना जांभ्याचा आहे, भिंती जाड आहेत, तर एक्स-रेसाठी चालेल का? गोव्यातही तेच बांधकाम, तिकडच्यांनाही उपयोग होईल.

क्षकिरण

चालतो, पण जांभा खाणीगणिक बदलतो, एखादा भरीव तर एखादा भोकाभोकाचा, म्हणून पुस्तकातली घनता धरू नका. त्याच खाणीचे काही चिरे घ्या, कोरडे करा, वजनकाट्यावर ठेवा, लांबी-रुंदी-उंची मोजा, किलोला लिटरने भागा. विटेचंही असंच, ९ बाय ४ बाय ३ इंची वीट पावणेतीन-तीन किलो भरली तर १.६ च्या घरात आहे, दोनच किलो भरली तर ती वीट कच्ची आहे किंवा माती हलकी आहे. फ्लाय ॲश विटेलाही हीच पद्धत. आलेली घनता गुणिले भिंतीची जाडी, आणि ३५ सेंटिमीटर विटेचे ५६ ग्रॅम किंवा २३ सेंटिमीटरचे ३७ ग्रॅम भरतात का बघा.

चिऱ्यात खरी काळजी दर्जांची, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांची. जुन्या बांधकामात चिरे नुसते मातीत बसवलेले असतात, आत पोकळी असते, कधी आरपार. सिमेंटने दर्जा पूर्ण भरून दोन्हीकडून गिलावा असेल तर चांगली भिंत. विटांच्या भिंतीलाही गवंड्याला सांगून ठेवा की उभे सांधे ठासून भरायचे, आडव्या दर्जेत मसाला आणि उभी दर्ज रिकामी ही सवय एक्स-रे रूमला चालत नाही. पोकळ काँक्रीट ब्लॉक घेतले असतील तर पोकळीतून किरणांना फक्त दोन पातळ पापुद्रे आडवे येतात, ते काँक्रीटने भरून घेतल्याशिवाय जमेस धरू नका.

तिसरा_मजला

मी डॉक्टर नाही की इंजिनियर नाही. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर डायग्नोस्टिक सेंटर आलंय आणि त्याच्या बरोबर वर आम्ही राहतो. माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय. मी रात्री झोपत नाही हो. मशीन बंद असलं तरी भिंतीत किरण साठून राहतात का? प्लीज कुणीतरी खरं सांगा.

डार्करूम

ताई, आधी हे मनातून काढा. बटण सोडलं की एक्स-रे संपला. भिंतीत, गादीत, हवेत काही साठत नाही. एक्स-रेचं मशीन बंद असताना त्या खोलीत तुम्ही बिनधास्त बसू शकता.

क्षकिरण

ताई, तुमच्यासाठी आकडाच मांडतो. साध्या एक्स-रेत नळी खाली किंवा आडवी रोखलेली असते, वर छताकडे जातात ते फक्त विखुरलेले किरण. पेशंटवर पडलेल्याच्या हजाराव्या भागाइतके एक मीटरवर, तुमच्या घरातलं माणूस तीन मीटर वर धरलं तर अजून नववा भाग. मध्ये पाच इंची स्लॅब, म्हणजे १२५ एमएम काँक्रीट, १०० केव्हीला तो जवळपास आठ वेळा निम्मं करतो, दोनशेच्या वर पट. सगळं गुणलं तर पेशंटला मिळतं त्याच्या वीस लाखाव्या भागाच्या आसपास. भारतात सामान्य लोकांसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप) आहे आणि निसर्गातूनच जगभरात सरासरी २.४ मिळत असतं. स्लॅब भरीव असेल तर मुलीने निवांत राहावं.

पण हक्काने विचारायचं ते विचारा. सेंटरकडे एईआरबीचं लायसन आहे का, तुमच्या मजल्यावर रेडिएशन सर्व्हे केलाय का. सीटी स्कॅन असेल तर मात्र हिशोब वेगळा, तिथे किरण जास्त वेळ चालू असतात आणि छतालाही बरंच विखुरलेलं पोचतं, म्हणून वरच्या मजल्याची मोजणी तर व्हायलाच हवी. लायसन नसेल तर एईआरबीकडे लेखी तक्रार करता येते, त्यांचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

तिसरा_मजला

खूप खूप आभार. उद्या सेक्रेटरींना घेऊन जाते आणि रिपोर्ट मागते.

स्लॅब_आणि_बीम

मूळ धाग्याकडे. बांधकामवाला, खालच्या दुकानांचं कुणी बोललं नाही. टेबलावर झोपवून काढलेल्या एक्स-रेत झोत थेट खाली जातो म्हणजे तुमचा स्लॅब हीच थेट झोताची भिंत झाली. औषधाच्या दुकानातला पोरगा दिवसभर तिथेच उभा असणार.

क्षकिरण

अगदी नेमकं. ५ इंची स्लॅब आणि वर २ इंच कोबा-टाइल धरलं तर ४० ग्रॅमच्या आसपास होतं, एक विटेच्या भिंतीपेक्षा थोडं जास्त पण दीड विटेपेक्षा कमी. पेशंट, टेबल आणि कॅसेट (फिल्मचा चपटा डबा) आधीच बराच झोत खातात त्यामुळे हिशोबात बसेलही, पण बसेल असं गृहीत धरू नका, काढून घ्या. गल्ल्याच्या डोक्यावर टेबल येणार नाही असं ठेवा, खाली दुकानाचं गोडाऊन असेल तर त्यावर आणा. हिशोबात आम्ही तिथे माणूस किती वेळ असतो हे धरतो, सतत बसायची जागा पूर्ण एक धरतात, पॅसेज पाचवा भाग, जिना त्याहून कितीतरी कमी. म्हणून तुमच्या उत्तरेच्या जिन्याकडची भिंत सगळ्यात सोपी आणि हॉल-ओपीडीकडच्या सगळ्यात कडक.

बांधकामवाला

एक पर्याय विचारतो. बराइटचा गिलावा म्हणून एक माल येतो, डीलर म्हणतो विटही नको, शिसंही नको. आणि आरसीसी भिंत टाकली तर वजन वाचेल का?

स्लॅब_आणि_बीम

आरसीसीचं मी सांगतो. ६ इंची आरसीसी २३ सेंटिमीटर विटेच्या जवळपास येते, पण रनिंग मीटरला ती पण टनाच्या वर आहे. जागा वाचते, वजन फारसं वाचत नाही. वजन खरंच वाचवतं ते शिसं, २ एमएमचा पत्रा सात फुटांपर्यंत घेतला तरी रनिंग मीटरला पन्नास किलोच्या आत. तळमजल्यावर असता तर मी डोळे झाकून वीट म्हटलं असतं. पहिल्या मजल्यावर जिथे खाली बीम आहे तिथे वीट आणि जिथे नाही तिथे एएसीवर शिसं.

क्षकिरण

बराइट म्हणजे बेरियम सल्फेट, आंध्रात मंगमपेटला त्याचा मोठा साठा आहे. माल चांगलाच आहे, बेरियम जड असल्यामुळे नुसत्या वजनाच्या हिशोबापेक्षा जास्त अडवतं. पण गिलाव्यात बराइट किती पडलं आणि साधी वाळू किती पडली हे वाळल्यावर डोळ्यांनी कळत नाही. थर जड असतो, एका दमात जाड मारला तर सुटतो, दोन-तीन थरांत घ्यावा लागतो, भेगा पडतात. डीलरकडून अमुक जाडीला, अमुक केव्हीला किती एमएम शिशाइतकं, असा चाचणीचा लेखी कागद मागा. कागद नसेल तर घेऊ नका.

आणि शिसं पूर्ण छतापर्यंत लागत नाही. भिंतींना फरशीपासून सात फुटांपर्यंत घेतात, त्यावर उघडी खिडकी ठेवायची तर बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर. काम करताना पत्रा घासू-कापू नका हाताने, कापलाच तर मास्क लावा, हात धुतल्याशिवाय कामावरच्या पोरांना तंबाखू-चहा घेऊ देऊ नका, शिशाची धूळ विषारी आहे. पूर्ण झाकून टाका, उघडा ठेवू नका.

बांधकामवाला

आज स्ट्रक्चरलवाल्यांसोबत बसलो. पश्चिम आणि उत्तर भिंतीखाली बीम आहे, तिथे एएसी काढून नऊ इंची वीट घेतोय, सांधे भरून. दक्षिणेला हॉलकडे बीम नाही म्हणून एएसी ठेवून आतून सात फुटांपर्यंत शिशाचा पत्रा, दोन प्लायमध्ये. स्टँड पूर्वेला गेला, मागे जाड पत्रा, तो किती एमएमचा ते सरांसारखाच एक माणूस लातूरहून येऊन काढून देणार आहे. टेबल गोडाऊनवर. दाराला चौकटीसकट शिसं, जड बिजागऱ्या. मशीनवाल्याच्या कोटेशनपेक्षा बरंच कमी होतंय आणि आता मला कुठे काय का घातलं ते सांगता येतं. कंट्रोलपाशी काचेचा शिल्ड मशीनबरोबर येतोय, त्यावर १.५ एमएम शिशाइतकं असं लिहिलंय, बरोबर ना?

डार्करूम

बरोबर दादा, पण शिल्ड अशा ठिकाणी ठेवा की टेबल आणि स्टँड दोन्ही काचेतून दिसतील, नाहीतर ऑपरेटर मान बाहेर काढून बघतो. एसीचा पाइप, स्विचबोर्डाचे डबे, कन्सील्ड वायरिंगचे खाचे जिथे वीट कोरतील तिथे पाठीमागे शिशाची पट्टी टाकायला इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगा. दाराबाहेर लाल दिवा आणि गरोदर असाल तर सांगा हा बोर्ड मराठीत मोठ्या अक्षरात.

बांधकामवाला

ताई नोंद केली. शेवटचं, सगळं झाल्यावर खरंच अडतंय का हे कसं कळणार?

क्षकिरण

ईलोरा पोर्टलवर (एईआरबीची ऑनलाइन लायसनची साइट) हॉस्पिटलची नोंदणी करताना, मशीनला एईआरबीचं टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला मंजुरी) आहे का बघा, मग क्यूए एजन्सी (मशीन आणि खोली तपासणारे) येईल, लायसनसाठी तो रिपोर्ट लागतोच. ते टेबलावर पेशंटऐवजी पाण्याचा फँटम (पेशंटच्या जागी ठेवायचा पाण्याचा डबा) ठेवून एक्सपोजर देतात आणि बाहेर किरण मोजायचा मीटर धरतात. ताशी आकडा येईल त्याचा आठवड्याचा हिशोब करतात: ताशी मिलिरॉन्टजेन (मीटरवर दिसणारं किरणांचं माप) गुणिले आठवड्याचा एकूण एमए-मिनिट भार (नळीतला मिलिअँपिअर करंट गुणिले मिनिटं), भागिले (६० गुणिले वापरलेले एमए). समजा हॉलमध्ये १.५ आला, १०० एमए लावले आणि आठवड्याचा भार ५०० एमए-मिनिट, तर ०.१२५ येतात. लोकांच्या जागेला मर्यादा आठवड्याला २ मिलिरॉन्टजेन, ऑपरेटरच्या जागेला ४०.

एक काम अजून करा, रंग आणि सनमायका चढवायच्या आधी. दाराच्या बाहेरून जोडांवर आणि कडांवर कॅसेट चिकटवायची, सगळे लांब, ऑपरेटर शिल्डमागे, आतून दाराकडे एक एक्सपोजर. जिथे शिसं सुटलंय तिथे काळी रेघ उमटते. आणि एजन्सीवाला आला की मीटर फक्त दाराच्या मध्यावर धरून आकडा लिहू देऊ नका, बिजागरीकडची फट, खालची फट, स्विचबोर्डाचा मागचा भाग, मेव्हण्यांची खुर्ची आणि खालच्या दुकानातला गल्ला, प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा लिहून घ्या आणि मगच सही करा.